जुनी मोटार: ठेवावी कीं काढावी?

जुन्या मोटारीविषयीं घरांत वाद निघाला म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलोमीटर झाले? दोन लाख असें उत्तर आलें कीं ऐकणारा मान हलवितो. माझ्या मतें या प्रश्नांत अर्धेंच शहाणपण आहे. हमरस्त्यावर एका वेगानें तासन्‌तास चालणाऱ्या गाडीची झीज थोडी होते; उलट शहरांत चौकाचौकांत थांबणारी, यंत्र नीट तापण्यापूर्वींच फेरी संपविणारी गाडी त्याच आंकड्यावर कितीतरी म्हातारी झालेली असते.

आमच्याच गाडीची हकीकत सांगतों. २०१२ सालची डिझेलची गाडी, झालेले किलोमीटर २,६०,०००. पुणें ते उंब्रज हा तिचा नित्याचा रस्ता. कऱ्हाडच्या अलीकडे, जेथें तारळी कृष्णेला मिळते त्या उंब्रजला वडील राहतात. त्यांना दर महिन्यास तपासणीसाठीं पुण्यास आणावें लागे. एका वैशाखांत त्यांना परत पोंचवितांना खंबाटकीच्या चढावर तापमापकाचा कांटा लाल रेघेस टेकला. तासभर आम्ही कडेला उभे होतों. मालमोटारी धूर सोडीत शेजारून चढत होत्या आणि वडील मागच्या आसनावर पंचानें वारा घेत बसले होते. त्यांनीं तक्रार केली नाहीं. पण पुढच्या खेपेस मी एस. टी.नें येईन, असें म्हणाले. तें मला लागलें.

पहिल्या गॅरेजवाल्यानें यंत्र संपलें असा निकाल देऊन साठ हजारांचा खर्च सांगितला. नातेवाइकांचें गणित तयारच होतें. गाडीचे दीड लाख येणार, मग तींत साठ हजार कशाला घालावयाचे? हें गणित फसवें आहे. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किंमतीशीं ताडावयाचा नसतो; तिच्याऐवजीं जी घ्यावयाची तिच्या वार्षिक खर्चाशीं ताडावयाचा असतो. नवी गाडी पहिल्या वर्षांतच आपल्या किंमतीचा मोठा हिस्सा गमावते. शिवाय कर्जाचें व्याज आणि वाढीव विमा. दोन-तीन वर्षें पुरणारी साठ हजारांची दुरुस्ती त्यापुढें स्वस्तच.

म्हणून दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलों. त्यानें चारही सिलिंडरांतील दाब मोजला; तो सारखा भरला. मग धूर पाहिला. निळा धूर म्हणजे यंत्र तेल जाळीत आहे, गोडसर वासाचा दाट पांढरा धूर म्हणजे यंत्र थंड ठेवणारें पाणी सिलिंडरांत शिरत आहे. येथें दोन्ही नव्हते. दोष निघाला तो रेडिएटरच्या एका रबरी नळींत. मी हुरळलों.

मग त्यानें गाडी वर उचलली. दाराखालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक दाबलें, तें सहज आंत गेलें. पावसाळ्यांतील पाटणकडच्या फेऱ्या, महिनोन्‌महिने न धुतलेला चिखल आणि नदीकांठची ओल यांनीं पत्रा आंतून खाल्ला होता. मागच्या चाकांच्या आधारापाशींही तेंच. क्लच बदलतां येतो, पंप बदलतां येतो, सबंध यंत्रसुद्धां बदलतां येतें. परंतु अपघातांत माणसाला सांभाळणारा सांगाडाच पोकळ झाल्यावर वरून डागलेला पत्रा हें केवळ डोळ्यांचें समाधान. येथें रुपयांचें गणित थांबतें.

कायदा वय पाहतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें तपासणीनंतर ती पांच वर्षांनीं वाढते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचें शुल्क सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळें २००३ सालीं नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत थांबली आणि पुष्कळ लोक हळहळले. आमची गाडी मात्र कायद्याच्या दृष्टीनें अद्याप तरुण होती.

दीड लाख देणारा गिऱ्हाईकही आला. त्यानें आसनें पाहिलीं, किलोमीटर विचारले, वांकून खालीं कांहीं पाहिलें नाहीं. उंब्रजला वडिलांना हें सांगितलें, तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, “खालचा पत्रा गेलाय, हें त्याला सांगितलंस का?”

मीं सांगितलें, आणि गिऱ्हाईक गेलें. गाडी मान्यताप्राप्त केंद्रांत मोडींत दिली. तेथें मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करांत सवलत मिळते, पण मीं घेतली ती तीन वर्षें वापरलेली. ती घेण्यापूर्वीं किलोमीटरचा आंकडा मागाहून पाहिला. आधीं तिच्याखालीं शिरलों.