डोळा लागतो तेव्हा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजचा विषय आहे झोप. श्रोत्यांनी बसल्या जागी प्रात्यक्षिक करून दाखवले तरी वक्त्याला राग येऊ नये, असा हा एकच विषय असावा!

झोप किती घ्यावी, हे डॉक्टर सांगतातच. मी फक्त जागेपण संपून झोप सुरू होते त्या क्षणाविषयी बोलणार आहे. तो क्षण आपण सर्वांनी हजारो वेळा अनुभवला आहे, पण पाहिला कोणीच नाही.

आपली मराठी इथे फार नेमकी आहे. "दहाला झोपलो, पण बारापर्यंत झोप लागली नाही," असे आपण सहज बोलतो. झोपणे म्हणजे अंथरुणावर आडवे होणे; ते आपल्या हातात आहे. पण झोप 'लागते', जशी भूक लागते, ठेच लागते. "मी झोप लावली" असे कोणी म्हणत नाही.

मग त्या वेळी आत काय घडते? 1924 साली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदवल्या. डोळे मिटून स्वस्थ पडले की या लहरी साधारणपणे सेकंदाला 8 ते 13 असतात. पेंग येऊ लागली की त्या विरतात आणि 4 ते 7 च्या संथ लहरी दिसू लागतात. याच सुमारास विचारांचा धागा सुटतो. उद्या कोणती भाजी आणायची याचा विचार चालू असतो आणि भाजीवाला आपल्या जुन्या शाळेत फळ्यापाशी उभा दिसतो. त्यात काही वावगेही वाटत नाही. कधी कोणी नावाने हाक मारल्याचा भास होतो, कधी पायरी चुकल्यासारखे होऊन अंग दचकते. बहुतेकांना असे कधी ना कधी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

खरी गंमत, आणि खरा धोका, पुढे आहे. विल्यम डिमेंट या अमेरिकन संशोधकांनी एका तरुणाच्या पापण्या चिकटपट्टीने उघड्या ठेवल्या. समोरचा दिवा चमकला की बटण दाबायचे, एवढेच त्याला काम. थोड्या वेळाने दिवा चमकला, पण बटण दाबले गेले नाही. कारण विचारले तर तो म्हणाला, "दिवा चमकलाच नाही." यंत्रावर मात्र क्षणभराच्या झोपेची नोंद होती. उघड्या डोळ्यांनी तो झोपला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता!

हा प्रयोग घरोघरी चालतो. "आजोबा, टीव्ही बंद करू?" "नको रे, बघतोय मी." आजोबा खोटे बोलत नसतात. झोप लागल्याची खबर ठेवणाराच झोपलेला असतो, मग खबर देणार कोण?

खुर्चीत हे ठीक आहे, गाडीच्या चाकामागे नाही. अनंत चतुर्दशीला आपल्या इंदूरमध्ये रात्रभर झांक्या निघतात. देवास, उज्जैन, महूची पाहुणेमंडळी पहाटे गाडी काढतात. वेग ताशी 60 किलोमीटर असेल आणि फक्त चार सेकंद डोळा लागला, तर गाडी सुमारे 66 मीटर चालकाविना जाते. काच खाली केली, गाणी मोठ्याने लावली, तरी झोप टळत नाही. चहाचा परिणामही लगेच होत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत, किंवा सरळ इथेच मुक्काम करावा.

आणि शेजारून वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्हाला पेंग येतेय," तर वाद घालू नये. त्या क्षणाच्या एकमेव साक्षीदार त्याच असतात. "नाही गं, जागाच आहे मी," ही आपली साक्ष ग्राह्य धरता येत नाही.



गणपती बाप्पा मोरया!