तारेची फिरकी

गळाने मासे धरण्याच्या कलेत आमिषाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानता येतील. एक खरोखरीच खाण्याजोगे. म्हणजे कणकेची गोळी, गांडूळ किंवा लहान मासळी. दुसरे केवळ भक्ष्याचा भास निर्माण करणारे. या दुसऱ्या प्रकारात धातूच्या फिरकीचे स्थान मोठे आहे. एक तार, तिच्याभोवती फिरणारे पातळ पाते, चार-दोन मणी आणि शेवटी गळ, एवढाच तिचा संसार. बाजारात ती तयार मिळते. परंतु सोनार वापरतात तशी गोल तोंडाची पक्कड आणि वीतभर तार जवळ असली, तर ती घरीही करता येते. मात्र दिसावयास सोपी असलेली ही वस्तू प्रत्यक्ष करावयास घेतली, म्हणजे तिची सारी भिस्त तारेला दिलेल्या दोन वळणांवर आहे, हे ध्यानात येते.

चकाकत्या धातूला मासा फसतो, हा अनुभव जुना आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ज्युलिओ ब्युएल याने चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट १८५२ साली मिळविले. खाताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. पुढे तारेभोवती पाते फिरविणाऱ्या फिरकीचा जगभर जो प्रसार झाला, त्यात १९३८ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘मेप्स’ या कारखान्याचा वाटा मोठा आहे. भारतात हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली निघाला. त्यात महाशीर माशाला मानाचे स्थान आहे.

फिरकीचे कार्य केवळ चकाकण्याचे नाही. दोरी ओढली की पाण्याचा रेटा पात्यावर बसतो, पाते तारेभोवती गरगरू लागते आणि पाण्यात कंप उठतात. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेखा नावाचे संवेदनशील इंद्रिय असते. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नसले, तरी या इंद्रियाने माशाला ते कंप जाणवतात. रुंद, गोल पाते तारेपासून दूर राहून सावकाश फिरते व जोराचे कंप उठविते. ते संथ पाण्यात उपयोगी. विलोच्या पानासारखे अरुंद पाते तारेलगत राहून वेगाने फिरते. ते ओघाच्या पाण्यात बरे.

आता रचनेकडे वळू या. स्टेनलेस पोलादाची, ०·७ ते ०·९ मिलिमीटर जाडीची ताठ तार सुमारे १८ सेंटिमीटर लांब कापून घ्यावी. कापताना तुकडा उडतो, डोळे जपावेत. एका टोकापासून ३ सेंटिमीटरवर तार प्रथम एका बाजूस किंचित कलवावी आणि मग पकडीच्या गोल जबड्याभोवती उलट दिशेने पूर्ण वळवून सुईला असते तसे नेढे करावे. उरलेले टोक दांड्याभोवती तीन-चार वेळा घट्ट गुंडाळावे, शिल्लक भाग छाटावा आणि कानशीने गुळगुळीत करावा. आरंभीच्या त्या किंचित कलण्यातच सारी मेख आहे. त्यामुळे नेढ्याचा मध्य दांड्याच्या रेषेत येतो. ते कलणे राहिले, तर नेढे काठीवरच्या पताकेसारखे एका अंगाला लोंबते. मग पाते फिरण्याऐवजी अवघी फिरकीच फिरू लागते व दोरीला पीळ पडतो.

यानंतर नालाच्या आकाराच्या लहान कडीत अडकविलेले पाते तारेवर चढवावे. त्याची खोलगट बाजू तारेकडे असावी. त्यामागून एक बारीक, गुळगुळीत मणी, आणि मग वजनासाठी पितळेचे मणी. शिसे विषारी असल्यामुळे टाळावे. मणी गच्च बसवू नयेत. तीन-चार मिलिमीटर मोकळीक ठेवावी. दुसरे नेढे करताना गळ आधी ओवून मगच तार गुंडाळावयाची, हे नवखा हमखास विसरतो.

तार मोडते ती बहुधा नेढ्याशी. दातेरी पकडीने तारेवर ओरखडा उठतो, टोकदार कोपऱ्यावर सारा ताण एकवटतो आणि एकाच जागी वारंवार वाकविलेले पोलाद कठीण होऊन ठिसूळ बनते. वरून काहीच दिसत नाही. मोठा मासा लागला म्हणजे हा दोष उघडकीस येतो. माणसाचे तेव्हा फारसे बिघडत नाही; मासा मात्र तोंडात गळ घेऊन डोहात जातो. कारागिराच्या आळसाचे प्रायश्चित्त असे मुक्या जिवाला घ्यावे लागते.

नर्मदेच्या परिसरात तर या विचाराला विशेष महत्त्व आहे. मध्य प्रदेशाने २०११ साली महाशीराला राज्यमत्स्य म्हणून घोषित केले. वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या या माशाला धरणांच्या साठलेल्या पाण्यात पूर्वीसारखा थारा उरलेला नाही. तेव्हा ज्या जलाशयावर जावयाचे तेथील परवाना व नियम आधी पाहावेत. फिरकीला तिहेरी गळाऐवजी एकेरी गळ लावावा आणि त्याची उलटी अणी पकडीने दाबून सपाट करावी. म्हणजे मासा फारशी इजा न होता सोडता येतो. घरी एक नमुन्याची तार दोन्ही टोकांना नेढी करून टांगावी व खाली पाण्याने भरलेली बादली अडकवावी. दोरी पाच किलोग्रॅमची असेल, तर आठ-दहा लिटर पाण्याने नेढे उघडता कामा नये.

आणि वळण एकदा चुकले, तर तार पुन्हा सरळ करण्याच्या भरीस पडू नये. ती टाकून नवी घ्यावी. वीतभर तारेची किंमत ती काय!