हुकूमनामा आणि सातबारा



गर्भातच मुली नाहीशा करण्याच्या प्रथेविरुद्ध धर्मपीठांची मदत घ्यावी की नाही, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांना नेहमीच अवघड वाटत आला आहे. एक पक्ष म्हणतो, पुत्रावाचून गती नाही असे ज्यांनी शिकविले त्यांच्याच दाराशी न्याय मागायला कशाला जायचे? दुसरा म्हणतो, कायद्याचा हात जेथे पोचत नाही तेथे ग्रंथी, महाराज आणि मौलवी यांचा शब्द पोचतो; मग संकोच कसला? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून तत्त्वाचा वाद क्षणभर बाजूला ठेवून एक प्रत्यक्ष घडलेला प्रयोग पाहणे बरे. तो पंजाबातला आहे.

शीख पंथात कन्यावधाचा निषेध नवा नाही. मुलगी मारणाऱ्याला तेथे ‘कुडीमार’ असा शब्द आहे, आणि कुडीमाराशी रोटीबेटीचा व्यवहार ठेवू नये असा दंडक आहे. १९४५ साली मान्य झालेल्या रहतमर्यादेतही तो स्पष्टपणे नमूद आहे. इतका निःसंदिग्ध निषेध फार थोड्या धर्मांच्या आचारसंहितेत सापडेल. तरीही एकोणिसाव्या शतकात पंजाबात कन्यावध चालू होता. इंग्रज सरकारने १८५३ साली अमृतसरला प्रतिष्ठितांची सभा भरवून लग्नखर्चाला आळा घालण्याची वचने घेतली, आणि १८७० साली कन्यावधाविरुद्ध कायदाच केला. पुढे १९७९ च्या सुमारास त्याच अमृतसरात गर्भजल तपासून मुलगा की मुलगी हे सांगण्याचा धंदा उघड जाहिराती देऊन सुरू झाला. सोनोग्राफीने तो स्वस्त केला. दाईच्या हातचे काम डॉक्टरच्या हाती गेले, एवढाच काय तो फरक.

२००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात पंजाबात दर हजार मुलांमागे ७९८ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८७५ होत्या. गुरू गोविंदसिंगांचे दोन धाकटे पुत्र जेथे हुतात्मे झाले, त्या फतेहगढ साहिब जिल्ह्यात आकडा ७६६ वर आला. त्याच वर्षी अकाल तख्ताचे जथेदार जोगिंदरसिंग वेदांती यांनी अशा गर्भपाताविरुद्ध आदेश काढला. तो मोडणाऱ्याला पंथातून बहिष्कृत करण्याचा इशारा दिला. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्या पुढाकाराने महर्षी दयानंदांच्या जन्मगावाहून, टंकाऱ्याहून, आर्य समाजाची यात्रा निघाली आणि पंजाबात पोचली. तिच्यात इतर धर्मांचे पुढारीही होते. पुत्रप्राप्तीसाठी करावयाच्या पुंसवनाला ज्या परंपरेने सोळा संस्कारांत स्थान दिले, तिच्यातूनच हा आवाज उठला, ही गोष्ट लहान नव्हे.

या सर्वाचा परिणाम काय झाला? २०११ मध्ये पंजाबचा आकडा ८४६ झाला. २००१ ते २०११ या दशकात हिंदूंत तो ९२५ वरून ९१३ वर, मुसलमानांत ९५० वरून ९४३ वर, ख्रिस्ती समाजात ९६४ वरून ९५८ वर उतरला. शीख मात्र ७८६ वरून ८२८ वर आणि जैन ८७० वरून ८८९ वर चढले. याचे सारे श्रेय हुकूमनाम्याला देता येणार नाही. दवाखान्यांवरील धाडी, सर्वोच्च न्यायालयाचे आदेश, बदलते शहरी जीवन यांचाही वाटा त्यात आहे. पण सुधारणा झाली हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मात्र त्याच तक्त्याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. सुधारणेनंतरही सर्वांत तळाशी राहिले ते हेच दोन समाज : ज्याच्या आचारसंहितेत कन्यावधाचा सर्वांत कठोर निषेध आहे तो, आणि मुंगीलाही जपण्याची शिकवण देणारा तो. उपदेशाची वाण नव्हती. वाण कशाची होती, हे पाहायला देवळातून बाहेर पडून शेताच्या बांधावर यावे लागते. हरितक्रांतीने जमिनीचे मोल वाढविले. मुलगे अनेक झाले तर तुकडे पडतात, आणि मुलगी परगावी दिली जाते म्हणून तिचा हिस्सा परगावी जाण्याचे भय. वर हुंडा. तेव्हा एकच मुलगा आणि मुलगी शक्यतो नाही, हा हिशेब तेथील शेतकऱ्याने केला. त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. तो हिशेबात पक्का होता. अनीती त्या हिशेबातच आहे.

पंजाबकडे बोट दाखवून महाराष्ट्राने सुटका करून घेऊ नये. गर्भलिंगचाचणीवर १९८८ साली देशात पहिला कायदा आपण केला, १९९४ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. केंद्राला त्यासाठी २००५ उजाडले. आणि आपला आकडा? १९९१ साली ९४६, मग ९१३, मग ८९४. बीड जिल्हा तर ८०७ वर. कागदावर मुलीचे नाव लागले, पण वारसनोंद होते न होते तोच बहीण हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. माहेर तुटू नये, भाऊबीजेला दार उघडे राहावे, एवढीच तिची अपेक्षा. ही सही कोणी बळजबरीने घेत नाही, म्हणून कायद्याला तेथे शिरकाव नाही. पंजाबात सातबाऱ्याला जमाबंदी म्हणतात, कथा तीच.

धर्मोपदेशकाचे खरे काम येथे आहे. जेथे माया, लाज आणि लोकरीत यांचे राज्य चालते, तेथे त्याच्याच शब्दाला वजन असते. पण गर्भाविषयी बोलणे त्याला सोपे जाते, जमिनीविषयी जड. कारण मंडपाचा खर्च करणारे जमीनवाले असतात. उलट गर्भाविषयीच्या सोप्या बोलण्यात एक धोकाही आहे. ‘भ्रूणहत्या महापाप’ या घोषणेचा रोख हळूहळू सर्वच गर्भपातांवर वळतो, आणि १९७१ च्या कायद्याने स्त्रीला मिळालेली सोय पापाच्या यादीत जाते. पाप लिंगनिवडीचे आहे, हा भेद व्यासपीठावरून प्रत्येक वेळी स्पष्ट व्हायला हवा. आणि व्यासपीठ दुधारी असतेच : सम-विषम तिथीवरून मुलगा-मुलगी ठरते असे एका लोकप्रिय कीर्तनकाराने सांगितल्याचे प्रकरण २०२० साली महाराष्ट्रात गाजले आणि न्यायालयापर्यंत गेले.

दक्षिण कोरियाचे उदाहरण येथे आठवते. पितरांचे विधी पुत्रानेच करावेत ही कन्फ्यूशियन रीत तेथे घट्ट होती. १९९० साली शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत. १९९१ पासून मुलींना समान वारसा मिळाला, २००८ साली पुरुष कुटुंबप्रमुखाची कायदेशीर पद्धत संपली. मधल्या काळात शहरे वाढली, स्त्रिया कामावर गेल्या, आणि प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. तेथे पूर्वज तेच राहिले, मालकी बदलली.

तेव्हा धर्मगुरूंना जरूर बोलवावे, पण विषय आपण ठरवावा. बहिणीच्या सहीने मिळवलेल्या जमिनीतले धान्य देवस्थानाने स्वीकारावे काय, एवढे त्यांना विचारावे. गावोगावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला हक्कसोडपत्राचा विषय निघाला, तर पुढच्या रांगेतले किती श्रोते बसून राहतात, हे मोजायला कार्यकर्त्यांनी अवश्य जावे.