दयेची वेस



दिंडीच्या शताब्दीनिमित्त आम्हांला भूतदयेवर दोन शब्द बोलायला सांगितलं. नाथमहाराजांनी गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. दरवेळी डोळे पाणावतात. ते का, एवढंच आज पाहू.

विज्ञान सांगतं, दयेचं मूळ आईपणात आहे. सस्तन प्राण्याचं पिल्लू दुधावाचून, उबेवाचून जगत नाही. ज्या आयांना पिल्लाचं रडणं उमजलं, त्यांची पिल्लं जगली. दुसऱ्याचं दुःख जाणण्याची सोय अशी पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरली. आईला पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. जिव्हाळ्यातही त्याच संप्रेरकाचा वाटा आहे.

२०११ साली शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगात एक उंदीर नळीत कोंडला, त्याचा सोबती मोकळा ठेवला. मोकळ्यानं दार उघडायचं शिकून घेतलं आणि सोबत्याला सोडवलं. कोणी शिकवलं नव्हतं, बक्षीसही नव्हतं.

पण खरी गोम २०१४ च्या प्रयोगात कळली. पांढरे उंदीर काळ्या डोक्याच्या, परक्या जातीच्या उंदराला सोडवीनात. मग त्या जातीच्या एकासोबत त्यांना दोन आठवडे ठेवलं. त्यानंतर ते त्या जातीच्या अनोळखी उंदरालाही सोडवू लागले! म्हणजे दया जन्माची, पण तिची वेस सहवासानं ठरते.

माणसाचंही तेच. नागपुरात शिकलेले बाबा आमटे वरोऱ्याला पावसात पडलेला महारोगी तुळशीराम पाहून भिऊन पळाले. ते भिणंच त्यांना बोचलं. परत गेले, त्याची सेवा केली, आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली. दया आधीही होती. भीती आडवी आली होती. ती जवळ गेल्यावरच सरली.

आणि आपण? चोखोबांची समाधी महाद्वारापाशी. पण त्यांच्या लेकरांना विठ्ठलाच्या राउळात जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं. एकमेकांना माउली म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

दिंडीनं दया शिकवायची गरज नाही, सहवास वाढवायचा आहे. पंगतीला शेजारी कोण बसतं, राहुटीत कोण झोपतं, यावर सगळं आहे. शंभर वर्षांत ज्या वस्तीतून आपल्यात कोणीच आलं नाही, ती वस्ती आपण शोधू. येत्या आषाढीला तिथली माणसं आपल्या राहुटीत असू द्या.

जय जय रामकृष्ण हरी!