रजोनिवृत्ति, तांबी आणि मलम



आजचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहीं पुरुष मंडळी रेडिओचा आवाज लहान करतील, हें मी जाणून आहें. तसें करूं नये अशी माझी विनंति आहे. कारण जी बाई आत्तां आपल्या हातांत चहाचा पेला आणून देत आहे, तिच्याशींच या विषयाचा संबंध आहे. मी डॉक्टर नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा पास झालेला आणि शहाडच्या बाजूला तीसांहून अधिक वर्षें मुलांकडून पाढे घोकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. जें सांगणार आहें त्यांतील निम्में आमच्या घरीं घडलें. उरलेलें डॉक्टरांना विचारून व वाचून मिळविलें. माझ्या पत्नीची अनुमति घेऊनच बोलत आहें. तिनें दोन अटी घातल्या : "अहो, माझें नांव घेऊं नका, आणि तुमची चूक लपवूं नका."

अशा विषयावर मास्तरानें तोंड उघडणें महाराष्ट्राला अगदींच नवें नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. त्या पायीं पुढें नोकरी गेली. तरीही १९२७ पासून १९५३ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. मला तर निवृत्तिवेतन मिळतें. मला भिण्याचें कारण नाहीं.

२०१२ सालची गोष्ट. पत्नीचें वय तेव्हां ४६. दर पाळीला आठ-आठ, दहा-दहा दिवस तिच्या अंगावरून जाऊं लागलें. शहाड स्टेशनचा पूल चढतांना ती मध्येंच कठड्याला टेकून उभी राही. मीं म्हणावें, "अग, गाडी चुकेल." रक्त तपासलें तेव्हां पंडुरोग निघाला. पहिल्या डॉक्टरांनीं दोन मिनिटांत निकाल दिला : पिशवी काढून टाका.

हा सल्ला आपल्या राज्यांत किती सहज दिला जातो, याचा हिशेब पुढें २०१९ सालीं झाला. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा झाल्यावर शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. कित्येक जणी चाळिशीच्या आंतल्या होत्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर जी रजोनिवृत्ति कांहीं वर्षें घेऊन हळूहळू यावयाची, ती एका रात्रींत येते. शस्त्रक्रिया कधींच करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. पण तिच्या आधीं दुसरे उपाय आहेत हें बाईला सांगावयास हवें, आणि तें सांगितलें जात नाहीं.

आम्हांला तें कल्याणच्या एका बाई डॉक्टरांनीं सांगितलें. त्यांनीं तांबी सुचविली. पत्नी दचकली; कारण तांबीनें अंगावरून अधिक जातें असें तिनें शेजारणींकडून ऐकलें होतें. तें तांब्याच्या तारेच्या तांबीबद्दल खरें आहे. ही तांबी निराळी. तिला तांबी म्हणतात तें केवळ सवयीनें. तिच्यांत तांबें नसून लिव्होनॉरजेस्ट्रेल नांवाचें संप्रेरक ५२ मिलिग्रॅम भरलेलें असतें, व तें आरंभीं दिवसाला सुमारें २० मायक्रोग्रॅम, म्हणजे नखाच्या मळाइतकेंही नव्हे, असें झिरपत राहतें. ही युक्ति फिनलंड देशांत सिद्ध झाली व १९९० सालीं तेथें वापरांत आली. गर्भाशयाचें आंतील अस्तर तिनें पातळ राहतें, त्यामुळें रक्तस्राव घटतो. पुष्कळ जणींची पाळी बंदच होते. आमच्या घरीं सहा महिन्यांत तसेंच झालें. वर्षानें रक्त भरून आलें, आणि पुलाचा कठडा सुटला.

मात्र या सुखांत एक गोम होती. पाळी ही बाईच्या शरीरांतली दिनदर्शिका. तांबीनें ती बंद केली कीं रजोनिवृत्ति खरोखर केव्हां आली तें कळावयास मार्ग राहत नाहीं. सुश्रुतसंहितेंत आर्तवाचा काल बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. हल्लींच्या पाहणींत भारतीय स्त्रियांचें सरासरी वय ४६-४७ च्या आसपास येतें, पाश्चात्य स्त्रियांचें सुमारें ५१. पत्नीच्या बाबतींत २०१४ च्या हिवाळ्यांत प्रथम चिन्हें दिसलीं. ऐन थंडींत पहाटे ती उठून पंखा लावी. छातीपासून कानशिलांपर्यंत वाफा निघत, अंग घामानें भिजे, आणि दहा मिनिटांनीं तीच बाई गोधडी शोधी. मीं काय केलें? विजेच्या बिलावर व्याख्यान दिलें. चारचौघांत "आमच्याकडे आतां गिझरची गरज नाहीं" असा विनोदही केला. ती हसली नाहीं हें माझ्या लक्षांत आलें, पण कारण लक्षांत यावयास दोन महिने लागले.

डॉक्टरांनीं इस्ट्रोजेनचें मलम दिलें. रोज दंडाला किंवा मांडीला चोळावयाचें. याच उपचाराला हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी म्हणतात. तो ऐकतांच मुंबईच्या मेहुणीनें फोन केला, "ताईला कॅन्सर करून ठेवाल!" म्हणून या उपचाराचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. १९४२ सालीं अमेरिकेंत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या विक्रीस आल्या. १९६६ मध्यें एका डॉक्टरानें पुस्तक लिहून, या गोळ्यांनीं स्त्री सदाकाळ तरुण राहते असा डंका पिटला. १९७५ सालीं उघड झालें कीं, ज्यांची पिशवी जागेवर आहे त्यांनीं एकटें इस्ट्रोजेन घेतल्यास पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हांपासून त्याच्या जोडीला दुसरें संप्रेरक देऊं लागले. पुढें २००२ सालीं अमेरिकेंतल्या सोळा हजारांवर स्त्रियांवरील मोठा प्रयोग मध्येंच थांबविला गेला, आणि जगभर ओरड झाली कीं या जोडगोळीनें स्तनांचा कॅन्सर शेंकडा २६ नें वाढतो.

येथें मास्तराला खडू हातीं घेतल्यावांचून राहवत नाहीं. शेंकडा २६ हें कशाचे? दहा हजार स्त्रियांत, औषध न घेणाऱ्यांपैकीं वर्षाला ३० जणींना हा रोग झाला. घेणाऱ्यांपैकीं ३८ जणींना. दहा हजारांत आठ जणी अधिक. आठ जणी म्हणजे कांहीं नव्हे असें मी म्हणत नाहीं. त्या आठांत आपली कोणी असेल. परंतु शेंकडा २६ ऐकून जी बाई स्वतःला शंभरांतल्या सव्वीस जणींत मोजते, तिला कोणी गणित शिकविलें नाहीं एवढेंच म्हणावें लागेल. शिवाय त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. पन्नाशीच्या आंत-बाहेर उपचार सुरू करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. मलमावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेननें, गोळीप्रमाणें, शिरांत रक्ताची गुठळी होण्याचें भय वाढत नाहीं असेंही पुढें दिसून आलें. ज्यांना स्तनांचा कॅन्सर होऊन गेला आहे त्यांना मात्र हा मार्ग सहसा बंदच असतो. मेहुणीला मीं हें सारें कागदावर मांडून पाठविलें. तिचें उत्तर आलें नाहीं.

पत्नीच्या बाबतींत जोडीचें दुसरें संप्रेरक निराळें घ्यावें लागलें नाहीं, कारण तें तांबींतून मिळतच होतें. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर इस्ट्रोजेननें गर्भाशयांत रान माजतें, आणि तांबी तें खुरपून काढते. दोघांचें मिळून एक काम. या कामासाठीं तांबी पांच वर्षें चालते असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. त्याप्रमाणें २०१७ सालीं जुनी काढून नवी बसविली. रात्रीं पुन्हां झोप येऊं लागली, पंखा दोनवर आला.

आतां माझी चूक. २०२२ च्या फेब्रुवारींत दुसऱ्या तांबीची मुदत भरली. पत्नीचें वय ५६. गर्भधारणेचा प्रश्न उरला नव्हता. त्याबद्दलचा नियम असा कीं, पन्नाशीनंतर पाळी गेल्यास एक वर्ष व पन्नाशीच्या आंत गेल्यास दोन वर्षें काळजी घ्यावी, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर बहुतेक सर्वांनींच ती सोडण्यास हरकत नाहीं. कल्याणच्या बाई तेव्हां गांवीं नव्हत्या, म्हणून आम्ही जवळच्या दुसऱ्या दवाखान्यांत गेलों. तांबी पांच मिनिटांत निघाली. तेथें विचारलें, "कांहीं औषधें चालू आहेत का?" पत्नी बोलणार, तोंच मीं मध्यें तोंड घातलें, "नाहीं, रक्तदाबाची तेवढी गोळी." बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मलमाचें सांगायचें होतें." मी म्हणालों, "अग, मलम तें, चोळायचें. तें काय औषध आहे?"

तीस वर्षें मुलांना पूर्ण प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहूं नका म्हणून सांगणाऱ्यानें हें केलें. खुरपणारी गेली आणि पेरणी चालूच राहिली. जूनमध्यें, पाळी जाऊन इतक्या वर्षांनीं, तिच्या अंगावर लाल दिसलें. तिनें तें दोन दिवस मला सांगितलें नाहीं. रजोनिवृत्तीनंतर एक थेंब दिसला तरी डॉक्टर गांठावा, "उष्णतेनें झालें असेल" म्हणून घरीं बसूं नये, हें तेव्हां आम्हांला ठाऊक नव्हतें. सोनोग्राफींत अस्तर जाड झालेलें निघालें. आंतला तुकडा तपासणीस गेला. अहवाल येईपर्यंत दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी रोज संध्याकाळीं बिर्ला मंदिराच्या विठ्ठलापुढें जाऊन बसलों. मागण्याचें धाडस झालें नाहीं, नुसता बसलों. अहवाल निर्दोष आला.

मग कल्याणच्या बाईंनीं दोन वाटा दाखविल्या. मलम पुढें चालवावयाचें असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या रात्रीं निराळ्या घ्याव्या लागतील. नाहींतर मलमही सोडावें. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना जोडीची गरज नसते, तिला होती. पत्नीनें सोडण्याचें ठरविलें. मीं मत दिलें नाहीं. मागितलेंही गेलें नाहीं. एकदम सोडलें काय किंवा हळूहळू सोडलें काय, अखेर फरक पडत नाहीं, पण हळूहळू सोडल्यानें पहिले दिवस सुसह्य होतात, असें बाई म्हणाल्या. गोळ्यांच्या संरक्षणाखालीं चार महिन्यांत मलमाचें प्रमाण निम्म्यावर आणि मग निम्म्याच्या निम्म्यावर आणून तें बंद केलें. त्याबरोबर गोळ्याही थांबल्या.

वाफा परत आल्या. हें होतें, सर्वांनाच होतें असें नाहीं, पण पुष्कळांना होतें, आणि याचा अर्थ सोडणें चुकलें असा नव्हे. पहिले दोन महिने वाईट गेले. सांधे धरले, झोप गेली, आणि मन उगाच भरून येई. तांबी काढल्यापासूनच तसें होतें असें ती म्हणे. ज्यांना हें फारच जड जातें त्यांच्यासाठीं संप्रेरक नसलेल्या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांना विचाराव्या. जागेच्या कोरडेपणासाठीं तेवढ्यापुरतें लावावयाचें सौम्य इस्ट्रोजेनचें मलम वेगळें असतें. ही तक्रार आपल्या बायका कोणाजवळच बोलत नाहींत आणि वर्षानुवर्षें सोसतात. पत्नीनें रात्रींचा चहा सोडला, तिखट कमी केलें, सुती साड्या काढल्या, आणि हाडांसाठीं सकाळचें चालणें धरलें. इस्ट्रोजेन गेल्यावर हाडें झपाट्यानें ठिसूळ होतात म्हणून चालणें, दूध, नाचणी आणि ऊन यांत खंड पडूं देत नाहीं. पांचव्या महिन्यापासून उतार पडला.

एक वही मीं घातली आहे. तींत तांबी बसविल्याची व काढल्याची तारीख, तिची मुदत, आणि चालू असलेलें प्रत्येक औषध लिहिलेलें असतें. गोळी, थेंब, मलम, सारें. दवाखान्यांत ती वही पत्नीच्या हातांत असते आणि मी बाहेरच्या बांकावर बसतों. पंखा हल्लीं एकवर असतो. मध्यरात्रीं कधीं तरी तीनवर जातो, तेव्हां मी चादर डोक्यावरून ओढून घेतों.