सिंथेसायझरचं बटण रुसलं तर…



तुमच्याकडे जुना सिंथेसायझर आहे?
1983 सालचा यामाहा डीएक्स सेव्हन,
किंवा 1984 सालचा रोलँड जुनो?

बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.
जोरात दाबलं, तर एकदम दोन आवाज पुढे.
असं होतं ना?

दोष सहसा वरच्या बटणाचा नसतो.
बहुधा तो खालच्या इवल्याशा स्विचचा असतो.
त्यात पत्र्याची एक फुगीर चकती असते.
दाबलं की ती खाली बसते आणि जोडणी होते.
वर्षानुवर्षं धूळ बसते, धातू काळवंडतो.
मग जोडणी धड होत नाही.

म्हणून कृपा करून जोर लावू नका.

आधी प्लग काढा.
झाकण उघडलं की वायरींचा फोटो घ्या.
कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बघता येतो,
पण त्याचा गुण बहुधा तात्पुरता.
नवा स्विच अगदी स्वस्तात मिळतो.
घेताना स्विचवरच्या दांडीची उंची जुन्याइतकीच हवी,
दांडी जास्त उंच असेल, तर बटण सतत दाबलेलंच राहील.

जुना स्विच काढताना घाई नको.
सोल्डरचा जोड वितळवा, सोल्डर पंपाने ओढून घ्या.
फार तापवलंत, तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते.
आणि ती जोडणं फार जिकिरीचं!

अशा स्विचला बहुधा चार पाय असतात.
दोन-दोन पाय आतून जोडलेले.
स्विच आडवा बसला, तर तो कायम चालूच राहतो.
म्हणून जुन्याची दिशा बघूनच नवा बसवा.

पुन्हा सांगते,
बिघाड बहुधा बटणाचा नाही, खालच्या स्विचचा.

शेजारचे स्विचही तितकेच जुने आहेत.
झाकण उघडलंच आहे, तर तेही बदलून टाका.