यकृताच्या नीला : आवक आणि निर्गम
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि रुग्णालयाचे हिशेब सांभाळताना ध्यानी आले, की निसर्गाने शरीरातही एक चोख खतावणी मांडून ठेवली आहे. तिच्यातील यकृताच्या पानाविषयी, विशेषतः खर्चाच्या बाजूविषयी, दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलो असते. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यात येते, तेही दोन वाटांनी. आतड्यांतून अन्नरस घेऊन येणारी प्रवेशिका नीला त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आणते. उर्वरित प्राणवायुयुक्त रक्त यकृत रोहिणी पुरविते. दोन्ही प्रवाह यकृताच्या सूक्ष्म खंडिकांत एकत्र येतात, पेशींशी देवाणघेवाण करतात आणि प्रत्येक खंडिकेच्या मध्यावरील बारीक शिरेत उतरतात. अशा शिरा मिळत मिळत उजवी, मधली व डावी अशा तीन मुख्य यकृत नीला तयार होतात. मधली व डावी बहुधा अखेरीस एकमेकींस मिळतात. या नीला अधोमहानीलेत रिकाम्या होतात आणि तेथून रक्त हृदयाकडे जाते.

म्हणजे आवक दोन दारांनी, निर्गम मुख्यतः या तीन नीलांनी. पूर्णा नदीवरील आपल्या सिद्धेश्वर धरणात येवा चालू राहिला आणि दरवाजे उघडलेच नाहीत, तर पाणी मागे फुगणारच. यकृताचेही तसेच. गुठळीमुळे वा पडद्यासारख्या अडथळ्यामुळे या नीला बुजल्या, की यकृत सुजते, उजव्या बरगडीखाली दुखते, पोटात पाणी साचते. १८४५ साली जॉर्ज बड यांनी व १८९९ साली हान्स कियारी यांनी वर्णन केल्यामुळे या विकारास बड-कियारी असे नाव पडले. यकृताच्या मागील लहान खंडाच्या शिरा स्वतंत्रपणे अधोमहानीलेत उघडतात. म्हणून पुष्कळदा तो खंड बचावतो आणि वाढून मोठा होतो.

या विकारास मद्यपान कारण नसते. रक्त गोठण्याची प्रवृत्ती हे त्याचे प्रमुख कारण होय. गर्भारपणात व काही संततिनियमनाच्या गोळ्यांमुळेही धोका वाढतो. तेव्हा पोट फुगलेल्या माणसावर दारूचा शिक्का मारणे, किंवा कावीळ समजून महिनोन्‌महिने झाडपाल्यावर विसंबणे, हे दोन्ही घातक आहे. शिरांतील प्रवाह दाखविणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीने बहुतेकदा निदानाची दिशा सापडते.

निदान वेळेत झाल्यास पुष्कळांना उपायही आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधे, अरुंद शीर फुग्याने रुंदावून तीत स्टेंट बसविणे, यकृतातून रक्तास नवी वाट करून देणे, आणि अखेरचा मार्ग म्हणून यकृत प्रत्यारोपण. मुंबईतील डॉ. दीपक अमरापूरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली भारतातील या विकारावर लेख प्रसिद्ध केला, त्यात शस्त्रक्रियेविना उपचारांवरच भर होता.

हिंगोलीहून मुंबई दूर आहे, आणि गरीब कुटुंबास ते अंतर खर्चानेच मोजावे लागते. म्हणून देणगीदारांस आमची नम्र विनंती, की डॉप्लर तपासणीसाठी व पुढील उपचारार्थ बाहेरगावी जाणाऱ्या रुग्णाच्या प्रवासासाठी स्वतंत्र निधी उभारण्यास साहाय्य करावे. आप्तजनांस एवढेच सांगणे, की फुगलेले पोट आणि सुजलेले पाय दिसताच रुग्णास तपासणीस आणावे. दोष कोणाचा, याची चर्चा मागाहून करता येईल.